केंद्र मिळालं, पुढे काय?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादन करून.)



आपल्यापैकी बऱ्याच जणी छोट्या गावांतून, तालुक्याच्या ठिकाणांहून आल्या आहेत. गावाचा कारखाना बंद पडला, बाजार मंदावला, तरुण पोरं शहराकडे गेली, की एक मागणी हमखास पुढे येते. सरकारनं इथं काहीतरी द्यावं. एखादं कार्यालय, एखादं प्रशिक्षण केंद्र. मग कृती समिती होते, निवेदनं जातात आणि सह्यांसाठी महिला मंडळाकडेही कागद येतो. मोर्च्यात बायका पुढे असल्या की वजन पडतं, हे समितीतल्या पुरुषांना चांगलं माहीत असतं.

त्या कागदावर सही करा किंवा करू नका, हे सांगायला मी उभी नाही. ज्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे त्या घरातल्या बाईला "सरकारी नोकरी मागू नकोस" असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण असं केंद्र ज्यांना मिळालं, त्यांचं पुढे काय झालं हे आपण पाहत नाही. मागणी मान्य झाली की पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. मला आज विषय तिथून पुढे न्यायचा आहे.

त्यासाठी मी अमेरिकेतल्या एका गावाची हकिकत सांगणार आहे. मी तिथं गेलेले नाही. घरच्या मारहाणीमुळे देश सोडणाऱ्या बायकांबद्दल वाचत असताना या गावाचं नाव न्यायालयातल्या कागदपत्रांत सापडलं. एका प्रशिक्षण केंद्राचं नाव तिथं कसं आलं म्हणून मी मागे मागे वाचत गेले.

गाव आणि त्याची गरज

गावाचं नाव आर्टेशिया. न्यू मेक्सिको राज्याच्या आग्नेय भागात, पेकोस नदीच्या खोऱ्यात, कोरड्या माळरानावर वसलेलं. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ११,३०१ आणि २०२० मध्ये १२,८७५. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढं.

गावाचं नाव पाण्यावरून पडलं. जमिनीत भोक पाडलं की आतल्या दाबानं पाणी आपोआप वर येतं, अशा विहिरींना आर्टेशियन विहिरी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विहिरींवर तिथं शेती उभी राहिली. उपसा वाढत गेला तसा दाब कमी होत गेला. १९२० च्या दशकात आसपास खनिज तेल सापडलं, पुढे शुद्धीकरणाचा कारखाना आला आणि गाव तेलाच्या भावावर जगू लागलं. भाव चढला की गावात पैसा, भाव पडला की घरी बसा.

१९८५ च्या अखेरीला एका पिंपाला तीस डॉलरच्या आसपास असलेला कच्च्या तेलाचा भाव १९८६ च्या मध्यापर्यंत दहा-बारा डॉलरवर आला. तेलावर जगणाऱ्या सगळ्या गावांचं कंबरडं मोडलं. आर्टेशियातलं एक ख्रिस्ती कॉलेजही त्याच दशकात बंद पडलं. वर्गखोल्या, वसतिगृहं, मेस, मैदान, सगळं रिकामं पडून राहिलं.

शेजारची गावंही अशाच फेऱ्यातून गेली होती. उत्तरेला रॉझवेल. तिथला हवाई दलाचा तळ १९६७ मध्ये सरकारनं बंद केला. दक्षिणेला कार्ल्सबॅड. तिथल्या पोटॅशच्या खाणी मंदावल्या, तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी १९७० च्या दशकात चक्क सरकारचा अणुकचरा आपल्याकडे पुरावा म्हणून पुढाकार घेतला. १९९९ मध्ये तो कचरा यायला सुरुवात झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथं किरणोत्सर्ग बाहेर आला आणि कचरा पुरण्याचं काम जवळपास तीन वर्षं थांबलं. रोजगारासाठी गावं काय काय मागतात, याची ही उदाहरणं एकाच जिल्ह्यातली आणि त्याच्या आसपासची आहेत. त्यांच्याकडे बघून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पर्याय संपत आले की माणसं जे मिळेल ते मागतात.

केंद्र येतं

आर्टेशियाला त्या मानानं बरं मिळालं असं कुणालाही वाटलं असतं. १९८९ मध्ये केंद्र सरकारनं ते बंद कॉलेज विकत घेतलं आणि तिथं आपल्या फेडरल लॉ एन्फोर्समेंट ट्रेनिंग सेंटर या संस्थेची शाखा काढली. सरकारच्या निरनिराळ्या पोलीस आणि सुरक्षा खात्यांतल्या लोकांना शिकवणारी ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. तिचं मुख्यालय जॉर्जिया राज्यात ग्लिंको इथं आहे. तिथली हकिकतही अशीच. नौदलाचा जुना तळ १९७४ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी रिकाम्या तळावर ही संस्था येऊन बसली. सरकारला तयार इमारती आणि मोकळी जमीन हवी असते, गावाला दरमहा येणारे पगार हवे असतात. तिथून सौदा सुरू होतो.

आर्टेशियातलं केंद्र वाढत गेलं. गोळीबाराच्या सरावासाठी आणि गाड्या चालवायला शिकवण्यासाठी माळरानावर जागेला तोटा नव्हता. मूळनिवासी जमातींच्या भागात काम करणाऱ्या पोलिसांची अकादमी तिथं आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानांत साध्या वेशात बसणारे सशस्त्र रक्षक तिथं शिकू लागले. २००३ मध्ये संपूर्ण संस्था नव्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे गेली आणि २००४ मध्ये सीमेवर पहारा करणाऱ्या बॉर्डर पेट्रोलची अकादमी आर्टेशियात एकवटली. आता देशाच्या मेक्सिकोलगतच्या सीमेवर उभा राहणारा नवा जवान आधी या छोट्या गावात येतो, महिनोन्‌महिने राहतो, कायदा शिकतो, बंदूक शिकतो, स्पॅनिश शिकतो.

गावाचा फायदा झाला, हे नाकारायचं कारण नाही. तेलाचा भाव पुढेही अनेकदा पडला. २०१४ च्या उत्तरार्धात घसरला, २०२० मध्ये तर कोसळला. पण सरकारी पगार तेलाच्या भावावर ठरत नाही.

कुठली नोकरी कुणाला

इथं आपण, बायकांनी, पहिला प्रश्न विचारायला हवा. केंद्र गावाला मिळालं म्हणजे गावातल्या कुणाला मिळालं?

अशा केंद्रात दोन प्रकारची माणसं असतात. एक, शिकवणारे आणि शिकणारे. यातले बहुतेक बाहेरून येतात. शिकवणारे बऱ्याचदा खात्यांतले अनुभवी किंवा निवृत्त अधिकारी असतात आणि शिकणारे काही महिन्यांत निघून जातात. बॉर्डर पेट्रोलमध्ये बायकांचं प्रमाण गेली कित्येक वर्षं शंभरात पाचच्या आसपास आहे. म्हणजे ज्या नोकरीसाठी एवढं आवार उभं राहिलं, तिच्यात बाईला जागा नावापुरतीच.

दुसरी माणसं म्हणजे आवार चालवणारी. स्वयंपाक, भांडी, खोल्यांची सफाई, चादरी धुणं, बागकाम. ही कामं तिथं ठेकेदारांमार्फत होतात. आणखी एक काम मला वाचताना नवीन वाटलं. सरावासाठी माणसं कंत्राटावर घेतात आणि त्यांना सोंगं देतात. कुणी संशयित, कुणी साक्षीदार, कुणी मदत मागणारी बाई. शिकाऊ अधिकारी त्यांना हटकतात, झडती घेतात, बेड्या घालतात. दिवस संपला की घरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडलं जायचं.

सरकारी पगार आणि सरकारी आवारातला ठेक्याचा पगार यांत किती अंतर आहे, ते अडचणीच्या वेळी कळतं. अंदाजपत्रकाच्या भांडणात २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असे ३५ दिवस अमेरिकी सरकारची बरीच खाती बंद होती. कायमच्या सरकारी नोकरांना मागाहून पूर्ण पगार मिळावा म्हणून संसदेनं कायदा केला. ठेकेदारांच्या माणसांसाठी असा कायदा झाला नाही. झाडू मारणारीचे ते ३५ दिवस बुडाले ते बुडालेच. कायम आणि कंत्राटी यांच्यातली ही रेघ आपल्याला नवी नाही. आपल्या अंगणवाडी सेविकेला ती कुणी समजावून सांगायला नको.

जून २०१४

आता मी त्या न्यायालयीन कागदांकडे येते.

२०१४ मध्ये होन्डुरास, ग्वाटेमाला आणि एल साल्व्हादोर या तीन देशांतून मोठ्या संख्येनं बायका मुलांना घेऊन अमेरिकेच्या सीमेवर आल्या. त्या आर्थिक वर्षात मुलांसह आलेल्या पालकांची आणि मुलांची मिळून संख्या ६८ हजारांच्या वर गेली. एकट्यानं आलेली मुलं वेगळी, तीही तितकीच. गुंडांच्या टोळ्या, खंडण्या, बलात्कार आणि नवऱ्याची मारहाण यांतून सुटण्यासाठी त्या निघाल्या होत्या.

सरकारला त्यांना कोंडून ठेवण्यासाठी जागा हवी होती आणि ती तातडीनं हवी होती. तेव्हा कुटुंबांना स्थानबद्ध ठेवण्याची सोय देशात एकाच ठिकाणी उरली होती, पेन्सिल्व्हेनियातल्या बर्क्स इथं, शंभराच्या आत खाटांची. मग सरकारनं आपल्याच मालकीचं एक आवार निवडलं, जिथं कुंपण होतं, खोल्या होत्या, मेस होती. ते आवार आर्टेशियाचं.

जून २०१४ च्या शेवटी तिथं आया आणि मुलं आणायला सुरुवात झाली. सोय सुमारे सातशे जणांची. नाव दिलं 'कुटुंब निवासी केंद्र'. निवासी म्हणायचं, पण बाहेर पडता येत नव्हतं. प्रशिक्षणार्थींसाठी उभारलेल्या खोल्यांत ही कुटुंबं राहिली, आणि आवाराच्या दुसऱ्या भागात अशाच बायकांना सीमेवर कसं पकडायचं याचे वर्ग चालू राहिले.

गावाला विचारलं गेलं का? कुटुंबं येण्याच्या तोंडावर गावात सभा झाली. लोकांनी आरोग्याचे, सुरक्षिततेचे, खर्चाचे प्रश्न विचारले. काहींच्या प्रश्नांत परक्यांबद्दलची भीती आणि रागही होता. तो आपण झाकायचं कारण नाही. पण सभेत ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जागा केंद्र सरकारच्या मालकीची. तिथं काय करायचं याला गावाची परवानगी लागत नाही. ज्यांना ही कुटुंबं तिथं नको होती त्यांनाही अधिकार नव्हता, आणि ज्यांना त्यांना असं कोंडणं मान्य नव्हतं त्यांनाही नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी आवार हातातून गेलं, त्याबरोबर हा अधिकारही गेला होता.

आत काय चाललं होतं ते वकिलांच्या नोंदींतून कळतं. वकील देशभरातून, पदरमोड करून, आळीपाळीनं तिथं येत. मोठं शहर जवळ नाही, सगळ्यात जवळच्या एल पासोहून तीन तासांचा रस्ता. न्यायाधीश तर गावात नव्हतेच. ते आधी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनहून आणि नंतर डेन्व्हरहून पडद्यावर दिसत. आश्रयासाठीच्या पहिल्या मुलाखतीत बाईला आपल्यावर झालेला अत्याचार सांगावा लागतो, आणि मुलांना ठेवायला दुसरी जागा नसल्यानं कित्येकींना तो मुलांच्या देखत सांगावा लागला. आपण समुपदेशन करणाऱ्या बायका आहोत. लेकरू मांडीवर असताना बाई काय सांगेल आणि काय गिळून टाकेल, हे आपल्याला कळतं. जे ती गिळून टाकते तेच तिच्या अर्जाचा आधार असतं. काही बायकांची भाषा स्पॅनिशसुद्धा नव्हती, त्या माया भाषा बोलणाऱ्या होत्या. मुलं नीट खात नव्हती, त्यांचं वजन उतरत होतं. कांजिण्यांची साथ आली. शेकडो बायका-मुलांना थेट परत पाठवलं गेलं. ऑगस्ट २०१४ मध्ये नागरी हक्कांच्या संघटनांनी या घाईविरुद्ध दावा दाखल केला.

त्याच महिन्यात, २६ ऑगस्टला, एक महत्त्वाचा निर्णय आला. ग्वाटेमालाच्या एका स्त्रीच्या प्रकरणात स्थलांतर अपील मंडळानं मान्य केलं की, नवऱ्यापासून सुटका करून घेऊ न शकणारी विवाहित स्त्री आश्रयाला पात्र ठरू शकते. नवऱ्यानं तिचं नाक फोडलं होतं, तिला भाजलं होतं, आणि पोलिसांनी नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही म्हणून हात झटकले होते. आपल्याला हे वाक्य किती ओळखीचं आहे! त्यानंतर आर्टेशियात डांबलेल्या काही बायकांनाही याच आधारावर आश्रय मिळाला. स्वयंसेवी वकिलांनी शेवटपर्यंत नेलेले बहुतेक खटले जिंकले. म्हणजे ज्यांना परत धाडण्यासाठी हे केंद्र उघडलं होतं, त्यांच्यातल्या अनेकींचं म्हणणं कायद्यानं खरं ठरत होतं. फक्त ते ऐकून घेण्याची सोय नव्हती.

डिसेंबर २०१४ मध्ये आर्टेशियातली ही स्थानबद्धता बंद झाली. पण बायका सुटल्या नाहीत. अनेकींना टेक्सासमधल्या कार्न्सला हलवलं, आणि त्याच महिन्यात टेक्सासमध्येच डिली इथं २,४०० खाटांचं केंद्र सुरू झालं, खासगी तुरुंग कंपनीच्या हाती. त्याचा करार तर आणखी चमत्कारिक. टेंडर टाळण्यासाठी तो ॲरिझोना राज्यातल्या ईलॉय या छोट्या गावाच्या नावावर फिरवला गेला. गाव शेकडो मैल दूर. त्यानं फक्त कागदावर मध्यस्थ व्हायचं आणि वर्षाला चार लाख डॉलरहून जास्त घ्यायचे. २०१८ मध्ये सरकारच्याच तपासनिसांनी या व्यवस्थेवर ताशेरे ओढले. डिलीचं केंद्र २०२४ मध्ये बंद झालं आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडलं.

मारहाणीच्या आधारावर आश्रय देणारा तो निर्णयही टिकला नाही. २०१८ मध्ये तो फिरवला गेला, २०२१ मध्ये परत आला, २०२५ मध्ये पुन्हा रद्द झाला. भिंती मात्र जागच्या जागी राहतात. सरकारला हव्या त्या कामाला त्या लावता येतात.

आपण काय घ्यायचं

आर्टेशियाच्या लोकांनी केंद्र मागायला नको होतं, असं मी म्हणत नाही. १९८६ नंतरच्या त्या गावात मी असते तर मीही मागितलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, गावानं पगार मागितला आणि पगार मिळाला. केंद्र कशासाठी वापरलं जाईल यात आपलाही शब्द असावा, हे करारात कुठंच नव्हतं. ती गरज त्या वेळी कुणाला दिसलीही नसेल. ती पंचवीस वर्षांनी दिसली, आणि तिची किंमत गावाबाहेरून आलेल्या, ओळख ना पाळख अशा बायकांनी मोजली.

मागणी करतानाच गावाच्या हातात थोडीफार ताकद असते. तेव्हा पुढाऱ्यांना सह्या हव्या असतात, गर्दी हवी असते. फीत कापली गेली की ती ताकद संपते. म्हणून आपले प्रश्न आधी विचारायचे. आपल्या मंडळांत चर्चेसाठी मी ते मांडते.

१. जमीन कुणाची जाणार? ती गायरान असेल, तर तिथं जनावरं चारणाऱ्या, सरपण आणणाऱ्या बायकांचं काय?

२. कायम पदं किती, ठेक्याची किती? स्थानिक बायकांना यांतली कुठली मिळणार? ठेक्याच्या कामाला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची रजा असेल का?

३. केंद्रात शिकायला बायका येणार का? आल्या तर त्यांच्या राहण्याची आणि लैंगिक छळाच्या तक्रारीची व्यवस्था पहिल्या दिवसापासून असेल का? ठेक्यावरच्या बाईलाही तिथं तक्रार करता येईल का?

४. तिथं काय शिकवलं जाणार, आणि ते शिकून बाहेर पडलेला माणूस कुणासमोर उभा राहणार?

५. उद्या त्या जागेचा वापर बदलायचा झाला, तर ग्रामसभेला किंवा नगरपालिकेला विचारण्याचं बंधन लेखी असेल का?

या प्रश्नांची उत्तरं पाठ करून कुणी येणार नाही. "आधी केंद्र तर येऊ द्या, मग बघू" असंच सांगतील. बायकांनी गावाच्या विकासात खोडा घातला, असंही म्हणतील. तेव्हा शांतपणे सांगायचं की, आम्हालाही काम हवंय, म्हणून तर विचारतोय. सह्यांचा कागद परत पाठवायची गरज नाही. त्याची मागची बाजू कोरी असते. तिथं आपल्या अटी लिहायच्या, त्यांखाली सगळ्या जणींनी सह्या करायच्या आणि कागदाची एक प्रत मंडळाच्या दप्तरात ठेवून द्यायची. पंचवीस वर्षांनी ती कुणाला तरी लागेल.